भिंतीचा विकास

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर गुरुवारी ईशज्ञानाच्या इतिहासाचा वर्ग भरायचा, आणि चहा येण्याआधी एखादा तरी पाखंडी बहिष्कृत व्हायचा. पाखंडी सगळे दीड हजार वर्षांपूर्वीचे, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं. वर्गाला येणारी मंडळी बहुतेक निवृत्त. घरी त्यांचं कुणी ऐकत नसे. इथे निदान मेलेल्या बिशपांवर डाफरता यायचं.

शिकवायला डॉक्टर फादर होते. वय कोवळं, पदवी जाडजूड. ते नवीन आले तेव्हा दोघीतिघींनी त्यांना गुडघे दाखवले होते. आपण त्या प्रकारचे डॉक्टर नाही, हे समजावून सांगायलाही त्यांना फळा लागला होता. फळ्यावर ते नेहमी एक बी काढायचे, शेजारी झाड काढायचे आणि म्हणायचे, ‘‘शिकवण बदलत नाही, ती विकसित होते. आज जे दिसतं, ते बीजरूपाने पहिल्यापासून तिथेच असतं.’’ मग सगळे झाडाकडे बघून माना डोलवायचे.

शेवटच्या बाकावर एक्स्चेंजबाई बसत. सारी हयात त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. समोर भोकांची भलीमोठी पाटी, हातात दोऱ्या, कानाला हेडफोन, आणि तोंडी ‘थांबा, जोडते’. नोकरी सुटून जमाना झाला, एक्स्चेंजच्या जागी आता चपलांचं दुकान आलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. शेजारी त्यांची नणंद असायची. ती झोपायला यायची. हॉलमधला पंखा घरच्यापेक्षा चांगला आहे, असं तिचं मत होतं, आणि ते कुठल्याही शतकात बदललं नाही.

एक्स्चेंजबाईंना पाखंड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता दफनभूमीच्या मागच्या भिंतीत. भिंत कलली होती आणि कमिटी ती पाडून नवी बांधणार होती. त्या भिंतीच्या पलीकडे, नाल्याच्या अलीकडे, झुडपांत एक सपाट दगड होता. दगडाखाली बाईंचा पहिला आणि एकुलता मुलगा होता. सकाळी जन्मला, दुपार कलायच्या आत गेला. नवरा धावत तेव्हाच्या मोठ्या फादरांकडे गेला होता. पण मोठे फादर जेवून झोपले होते आणि त्यांच्या स्वयंपाक्याने दार उघडलं नाही. फादरांची झोप मोडण्यापेक्षा एखादा जीव गेलेला बरा, असा त्या घरचा शिरस्ता होता. बाप्तिस्मा झाला नाही, म्हणून आत जागा नाही. नवऱ्याने साबणाच्या खोक्यातून त्याला भिंतीबाहेर नेलं. पुढे मोठ्या फादरांनी बाईंना समजावलं, की पोर लिंबोत आहे. तिथे दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही. ना स्वर्ग, ना नरक. बाईंच्या एक्स्चेंजमध्ये याला लाईन होल्डवर ठेवणं म्हणत.

आता नवी भिंत बांधताना ती जरा बाहेर सरकवावी, एवढंच बाईंचं मागणं होतं. जमीन नाल्यापर्यंत चर्चचीच होती. पण कमिटीचे अध्यक्ष जज्जसाहेब. खुर्चीवरून उतरले होते तरी निकाल द्यायची खोड गेली नव्हती. त्यांनी सांगितलं, भिंत होती तिथेच होईल. हा विटांचा नाही, ईशज्ञानाचा प्रश्न आहे, आणि बाईंनी आधी त्याचा अभ्यास करावा. त्यांना वाटलं, म्हातारी घरी जाईल. म्हातारी वर्गात येऊन बसली.

एका गुरुवारी अखेर तो विषय निघाला. डॉक्टर फादरांनी फळ्यावर शतकं मांडली. आधीच्या एका थोर आचार्यांच्या मते अशी बालकं अग्नीतच जातात, पण अग्नी सौम्य. मध्ययुगातल्या पंडितांना वाईट वाटलं, त्यांनी अग्नी काढून घेतला आणि काठावरची जागा दिली. आणि अलीकडे विद्वानांनी पुष्कळ विचार करून ठरवलं, की देवाच्या दयेवर आशा ठेवायला हरकत नाही.

‘‘म्हणजे लिंबो नाही?’’ एक्स्चेंजबाईंनी विचारलं.

‘‘तशी ती अधिकृत शिकवण कधीच नव्हती, आजी. ते एक प्रचलित मत होतं.’’

‘‘मत होतं. मग भिंत कशाची होती?’’

‘‘भिंत कमिटीची होती,’’ पहिल्या बाकावरून जज्जसाहेब म्हणाले.

डॉक्टर फादरांनी घाईघाईने खडू उचलला. तसंही, बाप्तिस्म्यासाठी धर्मगुरूच हवा असं नाही, ते म्हणाले. जीव धोक्यात असेल तर पाणी कुणीही घालू शकतं. आई, सुईण, शेजारीण, कुणीही. हेही अगदी पहिल्यापासून आहे.

मुलगा गेला त्या दिवशी एक्स्चेंजबाईंच्या खाटेशी तांब्या भरून ठेवलेला होता. नर्स होती, सासू होती, त्याच तांब्यातलं पाणी प्यायलेली ही नणंद होती. आणि सगळ्या जणी दाराकडे डोळे लावून फादरांची वाट बघत बसल्या होत्या.

नणंदेने झोपेतून डोळे उघडले होते. तिने वहिनींचा हात धरला. बाई म्हणाल्या, ‘‘फादर, मीही आयुष्यभर लोकांना थांबा म्हटलं. पण पलीकडे कुणीच नाही हे माहीत असताना कुणाला थांबवून ठेवलं नाही.’’

मग चहा आला. बिस्किटं मऊ पडली होती, त्यावर बराच वेळ चर्चा झाली.

नंतर कमिटीने या प्रश्नाचा अभ्यास करायला एक पोटकमिटी नेमली. डॉक्टर फादर तिच्यात होते. विकासाला वेळ लागतो, असं त्यांनी बाईंना फाटकापाशी गोड शब्दांत सांगितलं. बाईंनी विचारलं, किती शतकं.

गवंडी मात्र सोमवारी आला, कारण त्याला सोमवारी यायला सांगितलं होतं. जुनी भिंत पाडून झाली, राडारोडा उचलला गेला. चुन्याची फक्की घेऊन तो उभा राहिला आणि ओळ कुठून मारायची ते विचारायला इकडेतिकडे बघू लागला. कमिटीचं कुणीही नव्हतं. सगळे हॉलमध्ये भिंतीवर चर्चा करत होते. दगडाशेजारी घडीच्या खुर्चीवर छत्री उघडून एक म्हातारी तेवढी बसली होती.

‘‘आजी, भिंत कुठून न्यायची?’’

‘‘माझ्या पाठीमागून,’’ बाई म्हणाल्या.

त्याने नाल्याच्या बाजूची जमीन टाचेने दाबून पाहिली. इथे पाया चांगला बसेल, म्हणाला, आणि फक्की मारली. कमिटीचा ठराव तयार झाला तोवर भिंत कमरेएवढी आली होती.

जज्जसाहेब तणतणत आले. मागून डॉक्टर फादर. कुणाच्या परवानगीने, पाडून टाकतो, पैसे कोण देणार, असं सगळं बोलून झालं. गवंडी थापी हातात धरून उभा राहिला. त्याने पाडायचे दर वेगळे सांगितले. एक्स्चेंजबाई खुर्चीवरून उठल्या नाहीत.

‘‘भिंत बदलली नाही हो जज्जसाहेब,’’ त्या म्हणाल्या. ‘‘विकसित झाली. आता दिसते ती बीजरूपाने पहिल्यापासून इथेच होती. विचारा फादरांना.’’

डॉक्टर फादर लाल झाले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, आणि बराच वेळ बुटाने माती उकरली. मग हळूच म्हणाले, तत्त्वतः तसं मांडता येईल.

तसंच मांडलं गेलं. कमिटीच्या ठरावात आता लिहिलेलं आहे, की दफनभूमीची हद्द प्रथमपासून नाल्यापर्यंतच अभिप्रेत होती, मधली भिंत हे केवळ एक प्रचलित मत होतं. जज्जसाहेब पाहुण्यांना तो कोपरा स्वतः नेऊन दाखवतात आणि त्यासाठी आपण किती झटलो तेही सांगतात.

त्या दिवशी मंडळी पांगल्यावर नणंद बाईंना न्यायला आली. बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, वाकल्या, आणि दगडावर सावकाश पाणी ओतलं.

‘‘वहिनी,’’ नणंद घुटमळत म्हणाली, ‘‘आता याचा काय उपयोग?’’

‘‘सिमेंट उडालंय वन्सं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘वाळलं की निघत नाही.’’

नणंदेने बाटली त्यांच्या हातातून घेतली आणि उरलेलं पाणी आपण ओतलं.