मास्तरांचा खोकला

औषधाच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी दुपारी एक जुना खून उकरून निघायचा आणि त्याच्यासोबत चहा व्हायचा. खोली केमिस्टची, चहा त्याच्या बायकोचा आणि मतं ज्याची त्याची. ती मात्र कोणी कोणाला उसनीसुद्धा देत नसे.

मंडळी चौघंच. केमिस्ट, त्याची बायको म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर आणि हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या सिस्टर. मास्तरांनी लग्न केलं नव्हतं, सिस्टरांचा नवरा मुलगी लहान असतानाच गेला होता, केमिस्ट आणि वहिनींना मूल नव्हतं. त्यामुळे असेल, पण ज्या मुलाचा खून झाला त्याला हे चौघं ‘आपला मुलगा’ म्हणत. ‘आपल्या मुलाला त्या दिवशी सर्दी होती’, ‘आपला मुलगा कोणा परक्याकडे जाणारा नव्हता’, अशी बोलणी चालत. बाहेरच्या कोणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, पोरगं आत झोपलंय.

पोरगं जाऊन पंचवीसेक वर्षं लोटली होती. सहा वर्षांचं. आईबरोबर मॅटिनीला आलं आणि मध्यंतरात ‘मामाकडे बसतो’ म्हणून उठलं. मामा पुढच्या रांगेत होता. आईला वाटलं मामाकडे आहे, मामाला वाटलं आईकडे आहे. सिनेमा सुटला तेव्हा ते दोघांकडेही नव्हतं. दुसऱ्या दिवशी थिएटरमागच्या बंद जनरेटरच्या खोलीत सापडलं, गळा दाबलेलं. पोलिसांनी थिएटरच्या डोअरकीपरला धरलं, कारण मुलाची एक सँडल त्याच्याकडे होती. ‘जिन्यात पडली होती, मी उचलून ठेवली’, एवढंच तो म्हणाला. पुरावा पुरला नाही म्हणून त्याला सोडलं. दुसरं कोणी कधी सापडलंच नाही. पोलिसांनी सोडलं तरी लोकांनी थोडंच सोडलं?

मास्तरांनी तर मुळीच नाही. बाजारात डोअरकीपर एखाद्या लहान मुलाच्या आसपास उभा दिसला की मास्तर खाकरत. मोठ्याने, दोनदा. सगळ्या बाजाराला तो खोकला ठाऊक होता. तो ऐकला की आया मुलांना जवळ ओढत आणि डोअरकीपर हातातली भाजी परत टोपलीत ठेवून चालू लागे.

या मंडळींचा एक नियम होता. संशय घ्यायचा तर ज्याच्यावर घ्यायचा त्याला वकीलही द्यायचा. नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याच्या वाट्याला जो येईल त्याची बाजू त्याने मांडायची. सिस्टरांच्या वाट्याला डोअरकीपर आला. आता अशिलाला न भेटता वकिली कशी करणार? सिस्टर ब्लडप्रेशर बघण्याच्या निमित्ताने त्याच्या खोलीवर गेल्या. ब्लडप्रेशर खरंच वाढलेलं निघालं. मग दर आठवड्याला जाणं आलं. आधी गोळ्या, मग चहा, मग चहाबरोबर दोन शब्द, आणि मग एक दिवस शब्दही लागेनासे झाले.

“वकीलच अशिलाच्या प्रेमात पडली,” वहिनी म्हणाल्या, “तर फी कोणी कोणाला द्यायची हो?”

सिस्टर लाजल्या नाहीत. साठी उलटलेल्या बाईने आयुष्यभर लोकांना सुया टोचलेल्या असल्या की लाज जरा बेताचीच उरते. “आम्ही लग्न करतोय,” त्या सरळ म्हणाल्या.

केमिस्टच्या हातातली बशी लवंडली. मास्तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. ते मागच्या वर्षीचं होतं.

“पण एक अडचण आहे. माझी मुलगी म्हणते, आई, तू खुशाल कर. पण माझी पोरगी त्या माणसाच्या घरात पाऊल टाकणार नाही. मी म्हटलं, काय केलं म्हणजे टाकेल? तर म्हणाली, मास्तर हो म्हणाले तर.”

मुलगी मास्तरांची विद्यार्थिनी. तिच्या लेखी मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि नात म्हणजे सिस्टरांचा जीव की प्राण. नवरा मिळवायचा आणि नात घालवायची, असला व्यवहार त्यांना परवडणारा नव्हता.

“सिस्टर, तुम्हाला वाईट वाटेल,” मास्तर म्हणाले, “पण मी हो म्हणू शकत नाही.”

“नका म्हणू. पुढच्या रविवारी आपण बाजू बदलू. मी सरकारी वकील, तुम्ही त्यांचे वकील.”

“मी? त्या माणसाचा?”

“वाट्याला आलेलं नाकारायचं नाही, हा नियम कोणाचा? तुमचाच.”

मास्तर पुटपुटत कात्रणांचं खोकं काखेत मारून घरी गेले.

पुढच्या रविवारी वहिनींनी चहात साखर जास्तच टाकली. आज लागेल, म्हणाल्या. सिस्टर उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्या ज्या माणसाला वाचवत आल्या होत्या त्याला बुडवायला निघाल्या, आणि कसर अशी ठेवली नाही. जनरेटरच्या खोलीची किल्ली त्याच्याजवळ होती. सँडल त्याच्याकडेच होती. आणि मुलाच्या आईने विचारीपर्यंत तो कोणाशी चकार शब्द बोलला नव्हता.

“हे सगळं तुम्हाला माहीत आहे. आता मला एकटीला माहीत असलेलं सांगते.” सिस्टरांनी पाण्याचा घोट घेतला. “माझी नात माझ्याकडे आली आणि हे तिथे असले, की उठतात. कप अर्धा असला तरी उठतात आणि मागच्या दाराने जातात. कुठे, तर म्हणे काम आहे. थिएटर पाडून जमाना झाला, या माणसाला काम कसलं? तिच्याकडे एकदा मान वर करून बघितलेलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर मीच स्वतःला विचारते, बघवत का नसेल यांना?”

वहिनींनी हातातला कप खाली ठेवला.

“कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ,” वहिनी हळूच म्हणाल्या. “काय गं बाई, स्वतःच्याच माणसाला!”

“आरोपीचे वकील,” सिस्टर म्हणाल्या. आवाज सरकारी होता, पण हात पदराशी चाळा करत होते. “उत्तर द्या.”

मास्तर उठले. चष्मा काढला, पुसला, घातला. “याचं… काही वेगळंही कारण असू शकेल.”

“वेगळं कशाला शोधताय?” वहिनी फटकन म्हणाल्या. “तुमचा खोकला! पोरगं दिसलं की तुम्ही खाकरता आणि तो पळतो. इतकी वर्षं शिकवलंत, शिकला बिचारा. तुमच्या वर्गात इतका हुशार विद्यार्थी दुसरा झाला नसेल.”

“अगं!” केमिस्ट म्हणाला.

“अगं काय? कोणी तरी बोलायला नको?”

मास्तरांनी खोकं पुढे ओढलं. मग म्हणाले, “वहिनींचं म्हणणं मी बचावात धरतो.” आणि खोक्यातून त्यांनी दोन कात्रणं काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

“हा आईचा जबाब. ‘सकाळी सँडलचा पट्टा तुटला, दुसरी जोडी नव्हती, म्हणून पिन लावून नेलं.’ हा जबाब आपण शंभरदा वाचलाय, पण कशासाठी? ती घरातून निघाली कधी, ते बघायला. आणि हा सँडलचा फोटो. हाही शंभरदा बघितलाय. पण हे दोन कागद एका वेळी कोणी बघितलेच नाहीत. जबाबाचा हवाला नेहमी केमिस्ट देणार, फोटो नेहमी मी नाचवणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा.” त्यांनी भिंग पुढे सरकवलं. “पिन दिसते का बघा.”

केमिस्टने बघितलं. “नाही. दोरा आहे. काळे टाके.”

“म्हणजे पिन निसटली म्हणून सँडल जिन्यात पडली. ती उचलून कोणीतरी शिवली. आणि आईने विचारल्यावर डोअरकीपरने ती आणून दिली.” मास्तरांचा आवाज जरा घसरला. “सिनेमाचा उत्तरार्ध चालू आहे. हा दाराशी स्टुलावर बसलाय आणि बॅटरीच्या उजेडात सँडल शिवतोय. ज्याचा गळा दाबला त्याची सँडल कोणी शिवतं का हो? पोरगं परत येणार असेल तरच माणूस शिवतो. तो वाट बघत होता. सिनेमा सुटेल, आपला मुलगा एका पायावर उड्या मारत जिन्यात येईल आणि विचारेल, माझी सँडल बघितली का?”

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. पण सिस्टर अजून सरकारी वकील होत्या. “टाके त्यांचेच कशावरून? वाटेत आईने चांभाराकडून घालून घेतले असतील आणि विसरली असेल.”

“असेल,” मास्तर खांदे पाडून म्हणाले. “इथे माझी बाजू लंगडी आहे. टाके कोणाचे ते मला सिद्ध करता येत नाही.”

सिस्टरांनी भिंग उचललं आणि फोटोवर धरलं. बराच वेळ धरलं. मग स्वतःची पिशवी मांडीवरून उचलून टेबलावर ठेवली. पिशवीचा बंद मागच्या महिन्यात तुटला होता. आता त्यावर काळ्या दोऱ्याच्या फुल्या होत्या, एकीला एक लागून, पहिली जरा तिरकी. फोटोतही तशाच होत्या. पहिली जरा तिरकी.

“मी न सांगताच यांनी शिवली,” सिस्टर म्हणाल्या. “काही तुटलेलं दिसलं की त्यांना राहवत नाही. शेजारणीची छत्री, माझी चप्पल… थिएटरात लोक विसरून जायचे त्या वस्तूसुद्धा दुरुस्त करूनच परत द्यायचे, म्हणतात.” आणि मग सरकारी वकिलांना रडू फुटलं.

केमिस्टने घसा साफ केला. “शंका तरीही थोडी उरतेच.”

“उरू दे,” वहिनी म्हणाल्या. “नवरा म्हटला की थोडी उरतेच. मी तुमच्याबरोबर संसार केलाच ना?”

“कोर्टात नाही टिकायचं हे,” मास्तर कात्रणं गोळा करत म्हणाले.

“मला कुठे कोर्टात नांदायचंय?” सिस्टरांनी नाक पुसलं. “माझ्या मुलीला सांगाल?”

मास्तरांनी खोक्याचं झाकण लावलं. त्यांना चूक सुधारायची सवय होती, पण लाल शाईने आणि दुसऱ्यांच्या वहीत. “लग्नाला येईन,” एवढंच ते म्हणाले.

नोंदणी कार्यालयातली खोली अरुंद होती. एक टेबल, त्यामागे नोंदणी करणारे साहेब, दोन बाकं आणि करकरणारा पंखा. सिस्टरांनी निळी साडी नेसली होती. डोअरकीपरने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशात जुनी बॅटरी खोचली होती. ती तो लग्नातही घरी ठेवायला तयार नव्हता. केमिस्ट आणि वहिनी सह्यांसाठी पेन शोधत होते. मास्तर दाराजवळच्या खिडकीशी उभे. त्यांनी मुलीला काही सांगितलं होतं की नाही, सिस्टरांना कळायला मार्ग नव्हता. मुलगी मात्र आली होती. दाराच्या आतल्या बाजूलाच उभी होती, पोरीचा हात घट्ट धरून, आणि तिची नजर आईवर नव्हती, मास्तरांवर होती.

पोरीला कोण धरून ठेवणार? तिने बॅटरी बघितली, हात सोडवला आणि सरळ बाकापाशी आली. “ही लागते का?”

डोअरकीपर चटकन उठला. पाय सवयीने दाराकडे वळले. वाटेत मास्तर होते. त्याने त्यांच्याकडे बघितलं, वर्गात बाकावर उभं केलेल्या पोरासारखं.

आणि नेमका तेव्हाच मास्तरांच्या घशात खोकला आला. खराखुरा. आठवडाभर त्यांना सर्दी होती, औषध केमिस्टनेच दिलं होतं. सिस्टरांनी बघितलं, मास्तरांचे गाल फुगले, मान लाल झाली, डोळ्यांत पाणी तरारलं. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला. एका हाताने डोअरकीपरला खांद्याला धरून पुन्हा बाकावर बसवलं, दुसऱ्या हाताने त्याच्या मांडीवर थोपटलं आणि तसेच, तोंड मिटून, मुलीच्या बाजूने घाईघाईने खोलीबाहेर गेले. जाताना दार लोटून घेतलं.

डोअरकीपरने खिशातली बॅटरी काढून पोरीच्या हातात दिली.

“लागते,” डोअरकीपर म्हणाला. “लागते. बटण घट्ट आहे. अंगठ्याने दाब.”

पोरीने दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. उजेडाचा गोळा छतावर नाचला, साहेबांच्या टकलावर आला, मग आजीच्या तोंडावर. मुलगी दारापासून दोन पावलं पुढे आली आणि बाकाच्या कडेला टेकली.

तेवढ्यात बाहेर, जिन्याच्या पार तळाशी, खोकल्याची जी उबळ सुटली ती थांबेना. सगळी इमारत दणाणली. साहेबांनी सहीवरून मान वर केली.

“कोण हो ते?”

“आमच्याकडचे आहेत,” सिस्टर म्हणाल्या, आणि केमिस्टकडे वळून हळूच कुजबुजल्या, “कोरडा आहे. औषध बदला.”