माझ्यावर चिकटवलेला चोवीसचा आकडा

मित्रांनो, मी विजेवर चालणाऱ्या स्कूटरची एक जुनी बॅटरी आहे. शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल भरलेले चार डबे तारेने जोडले की अठ्ठेचाळीस व्होल्टची मी तयार होते. कारखान्यात माझ्यावर खरा आकडा छापला होता, बारा अँपिअर-अवर. माझ्या पोटात विजेचा किती साठा मावतो, ते हा आकडा सांगतो. पुढे एका गोदामात कुणीतरी त्यावर चकचकीत स्टिकर चिकटवले. त्यावर लिहिले होते, चोवीस.

२०१३ साली गोंदियातल्या एका दुकानातून बिसरामने मला विकत घेतले. तो नवेगाव बांधच्या तलावात मासे धरायचा आणि त्याची बायको शामकला त्या मासोळ्या स्कूटरवरून गावोगावी विकायची. तिच्या स्कूटरची आधीची बॅटरी संपली होती. दुकानदार म्हणाला, "मोटर भी बडी ले लो, भैया. हजार वॉट! पहाड चढ जायेगी." बिसराम खुशीतच घरी आला. त्याने अडीचशे वॉटची जुनी मोटर काढून नवी बसवली.

सपाट रस्त्यावर सारे ठीक चालले. पण जंगलातला चढ लागताच ती मोटर माझ्यातून वीज अशी ओढू लागली, की माझा दमच निघाला. व्होल्ट घसरले आणि स्कूटर थांबली. शामकला माशांच्या पेटीसकट ती ढकलत बाजारात पोचली, तेव्हा बाजार उठत आला होता. उन्हाने मासोळ्या नरम पडल्या होत्या.

"चोवीसची बॅटरी हाय. तू कायले येवढं पिळून राहिली अ‍ॅक्सिलेटर?" बिसराम घरी चिडून म्हणाला.

"मी हळूच चालवली जी," ती म्हणाली.

पण रोज तेच होऊ लागले. आपल्यालाच गाडी चालवता येत नाही, असे तिला वाटू लागले. शेवटी तिने स्कूटर पडवीत लावली आणि टोपली डोक्यावर घेऊन ती पायी निघू लागली. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते, की चूक तिची नाही.

तिची मान दुखू लागली, तेव्हा बिसरामच मला रत्नपालकडे घेऊन गेला. शामकलाही बाजारातून परतताना तिथे आली. रत्नपाल फाट्यावर विजेच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याने माझा एक डबा उचलला आणि तो थबकला.

"वहिनी, चोवीसची बॅटरी इतकी हलकी काऊन?"

त्याच्याकडे वीस अँपिअर-अवरच्या बॅटरीचा तसाच एक डबा होता. शामकलाने मासोळ्या तोलायचा तराजू काढला. एका पारड्यात तो डबा, दुसऱ्यात माझा. माझे पारडे झटकन वर गेले.

"शिसं कमी, तं साठाही कमी," रत्नपाल म्हणाला. शामकलाने नखाने स्टिकर खरवडले. खाली बारा निघाले.

रत्नपालने हिशेब मांडला, "हजार वॉटले अठ्ठेचाळीस व्होल्टनं भागा. ही मोटर वीस अँपिअर मागते. बारावाली किती येळ देईल? जुनी मोटर तं पाचच मागत होती."

बिसराम खाली मान घालून म्हणाला, "मी तुलेच बोलून राहिलो उगाच."

"बोलले तं बोलले. आता ते मोटर काढा," शामकला म्हणाली.

जुनी मोटर पुन्हा बसली. आता चढावर आम्ही सावकाश जायचो, पण मासोळ्या ताज्या असतानाच पोचायचो. शामकला मोठी मोटर परत करायला गोंदियाला गेली, तेव्हा अल्का नावाच्या एक शिक्षिका दुकानात तसलीच बॅटरी घेत होत्या.

"मॅडम, आधी उचलून पाहा, दुसरीसंगं तोलून पाहा," शामकला म्हणाली. "अन् मोटर किती मागते, तेही इचारा."

दुकानदार चिडला. मग त्याने स्वतःच दोन डबे दोन हातांत धरून पाहिले; चोवीसचा डबाच हलका लागला. त्याने मोटर परत घेतली.

त्यानंतर मी आणखी दोन-तीन वर्षे काम केले. आता माझ्या पट्ट्या झिजल्या आहेत आणि मी रत्नपालच्या दुकानात वितळायला जाण्याची वाट पाहत आहे. मित्रांनो, आम्हाला उकिरड्यावर किंवा तलावात फेकू नका. आमचे शिसे पाण्यात उतरले, तर मासेही जगणार नाहीत. आमच्याकडून काम घ्या, पण आमची ताकद पाहून घ्या. आणि चढावर कुणी थांबले, तर त्याला बोल लावण्याआधी त्याच्यावर काय लादले आहे, ते एकदा पाहा.