पत्र्याची डबी

मोठी मैत्री त्यागावर उभी असते, असं जाणती माणसं सांगतात. आमच्या काकांची आणि लोहाराची मैत्री एका पत्र्याच्या डबीवर उभी होती. तिचं झाकण मात्र घट्ट बसायचं.

डबी लोहाराने स्वतः ठोकलेली. आतला तंबाखू काकांच्या रानातला, शेवटच्या पिकाचा. त्या रानात आता मका आहे, पण तंबाखूचा विषय निघाला की काका अजून हात पुढे करून दाखवतात. शेंडे खुडताना चीक हाताला असा धरायचा की तीनदा हात धुतले तरी पहिला घास कडू लागायचा. पानं छपराला टांगलेली. हवा ओलसर होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, नाहीतर चुरा. त्या तंबाखूची एक सिगारेट वळून पेटवली की वास तिसऱ्या घरापर्यंत जायचा, आणि तिसऱ्या घरातला माणूस चालत यायचा.

डबी लोहाराकडे, सिगारेट वळायच्या कागदांचं पुडकं काकांकडे. एकाला दुसऱ्यावाचून वळता येऊ नये अशी ही जुनी सोय. रोज संध्याकाळी भात्याजवळ बसून दोघं एकेक वळायचे.

त्या दिवशी मी पहारीला टोक काढून घ्यायला तिथेच उभा होतो. तंबाखू वाळू नये म्हणून लोहार डबीत बटाट्याची ताजी साल ठेवत होता. ठेवता ठेवता म्हणाला, "खरं सांगू का, तुझ्या तंबाखूचं नाव झालं ते माझ्या डबीमुळे."

"हो का?" काका म्हणाले. "उद्या म्हणशील, पाणी ओलं असतं ते बादलीमुळे."

"दुसऱ्या डबीत ठेवला असतास तर गवत झालं असतं त्याचं."

"आणि माझा तंबाखू नसता तर तुझ्या डबीत खिळे असते, खिळे!"

काकांनी पुडकं खिशात घातलं आणि तडक घर गाठलं.

पुढचे अठरा दिवस ते घरीच होते. हाल झाले काकूंचे. काकांनी चुलीवरच्या पातेल्यात डोकावून मीठ किती ते विचारलं. झाडू उलट्या बाजूने मारला जातो, हेही त्यांच्या लक्षात आलं. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी डाळींचे डबे उंचीप्रमाणे लावले, तेव्हा काकूंनी विळा उचलला.

"अगं!" काका म्हणाले.

"धार लावून आणते," काकू म्हणाल्या. जाताना पुडक्यातला एक कागद त्यांनी गुपचूप काढून घेतला.

"भाऊजी, हा त्यांनी पाठवलाय," लोहाराच्या ऐरणीवर कागद ठेवून त्यांनी सरळ थाप मारली.

"काही म्हणाला?"

"म्हणायला तोंड हवं ना!"

लोहार कागदाकडे बघत राहिला. मग घण उचलणाऱ्या बोटांनी त्याने एक सिगारेट वळली, कपाळावरचा घाम पुसला आणि विळ्याबरोबर ती काकूंच्या हातात दिली.

घरी काकांनी ती उलटी केली, सुलटी केली.

"ही सिगारेट? मधे गाभण आणि दोन्ही टोकांना उपाशी! चाळीस वर्षं माझ्या शेजारी बसून हे शिकला गाढव?"

"जाऊ द्या, नसेल जमत भाऊजींना."

"जाऊ द्या कसं? शेवटचा तंबाखू आहे तो! नासून टाकेल सगळा!"

एक चप्पल अंगणात घातली, दुसरी रस्त्यावर.

भात्याजवळ लोहाराने जागा झाडून ठेवली होती. काका बसले, ती सिगारेट मोडली आणि म्हणाले, "नीट बघ. अंगठे असे. लोखंड नाही हे."

"तुझी बडबड थांबली की बघतो."

"डबी दे इकडे." काकांनी झाकण उघडून वास घेतला. बराच वेळ घेतला. "डबी बरी आहे," ते म्हणाले.

"तंबाखूही बरा आहे," लोहार म्हणाला.

दोघांनी एकेक वळली, कडेला जीभ लावून चिकटवली आणि कानामागे खोचली. समोर भट्टीत निखारे लाल फुलले होते. पेटवली कोणीच नाही. डॉक्टरांनी दोघांचंही ओढणं बंद केलं त्याला नऊ वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी त्याच मोडतात, तंबाखू परत डबीत टाकतात आणि पुन्हा वळतात. कागद तेवढा नवा लागतो.