तिसऱ्या नळीचं आडनाव

हूफडॉर्प या डच शहरातल्या भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी दीडशे मराठी माणसं शिस्तीत रांग लावून प्लास्टिकच्या नळीत थुंकत होती. समोर डॉ. नीळकंठ, पुण्याचे निवृत्त प्राध्यापक, नैवेद्य रांधण्याची पात्रता रक्तातच कशी असते ते पडद्यावर दाखवत होते. आलेख रंगीत होता, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

आठवड्यानं निकाल आले. मृदुलाताई ‘साहाय्यक कुल’ निघाल्या. गेली नऊ वर्षं मंडळाच्या गणपतीचे मोदक त्याच करतात. आता त्यांनी खुर्च्या मांडायच्या आणि वेगळ्या टेबलावर जेवायचं. अध्यक्ष विश्वासकाकांनी समजावलं, की यात जातपात अजिबात नाही, हे सायन्स आहे. आम्ही बाकीच्यांनी नव्या कामवाटपाच्या यादीवर सह्या केल्या. आयटीतली माणसं आम्ही. अटी न वाचता होकार द्यायची सवय.

सही केली नाही ती एकट्या इरावतीनं. ती इथंच जनुकशास्त्रात संशोधन करते. तिनं आपल्या किचनमधल्या नळाचं पाणी तीन नळ्यांत भरून सरांकडे पाठवलं आणि पुढच्या सभेत उत्तरं वाचून दाखवली. विश्वासकाकांचं आडनाव लिहिलेलं पाणी ‘उच्च पाककुल’ निघालं. मृदुलाताईंचं आडनाव लिहिलेलं, ‘साहाय्यक’. तिसऱ्या नळीवर आडनावच नव्हतं. त्यावर सरांची मेल आली होती: ‘नमुना अपूर्ण. आडनाव कळवावे.’

डॉ. नीळकंठ जराही डगमगले नाहीत. “बाळ, पाण्यालाही स्मृती असते.”

“मग आडनाव तेवढं कसं विसरलं, सर?”

मागून कुणीतरी विचारलं, उच्च पाणी कुठल्या नळाचं होतं. इरावतीनं डोळे मिटले. मग थकल्या आवाजात सांगितलं, की नळी कुणी उघडलेलीच नाही, निकाल तिच्यावर लिहिलेल्या आडनावावरून लागलाय. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांची आणि काळ्यांची बाकं वेगळी झाली, तेव्हाही ती कशी योग्य आहेत हे सिद्ध करून द्यायला प्राध्यापक हजर होते.

माणसाची पदवी बघण्याआधी त्यानं नेमकं काय मोजलं ते विचारा. एवढंच. फार अवघड नाही, पण दीडशे जणांत एकीलाच सुचलं.

विश्वासकाकांनी मृदुलाताईंना मोदकांसाठी पुन्हा यायची विनंती केली.

“येईन की,” त्या म्हणाल्या. “आधी यादीवर सह्या कुणाकुणाच्या आहेत, तेवढं मोठ्यानं वाचा.”

काकांनी वाचायला सुरुवात केली. सातवं नाव माझं होतं.