चाचणीपुरता चेहरा

"त्याचं तोंड जगाला दाखवायचं नाही, सांगून ठेवतो!" बाबा दारातूनच कडाडले.

ताईने मान वर केली नाही. पडद्यावरचा निरोप ती पुन्हा वाचत होती. संध्याकाळपर्यंत नमुना आला नाही, तर जुन्या कॅमेऱ्याचा भाग काढून टाकणार.

तो भाग म्हणजे तिच्या धाकट्या भावाने लिहिलेला कोड. तो होता व्हिडिओ दाखवणाऱ्या एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून त्याची डागडुजी करतात. केव्हाच बुडालेल्या एका कंपनीच्या कॅमेऱ्यातलं चित्रण भावाच्या कोडमुळेच उघडायचं. वापरायला सगळं जग, धन्यवाद म्हणायला कुत्रं नाही. बिघडलं की मात्र शिव्या द्यायला रांग. भाऊ गेला आणि दवाखान्यात केसपेपर काढणारी ही बाई रडतकुढत कोड शिकली, त्याचा भाग सांभाळू लागली. आता तिथे नवा नियम आला होता. चाचणीसाठी त्या कॅमेऱ्याचं खरं चित्रण नमुना म्हणून द्या, नाहीतर भाग बाद. आणि दिलेलं चित्रण कायमचं सगळ्यांना खुलं.

घरात एकच चित्रण उरलं होतं. आजाराने वाळलेला भाऊ, खुर्चीत बसलेला. "मला असा कुणाला दाखवू नका," असं तो त्यातच म्हणाला होता.

"दुपारी चेहरा पुसून नमुना पाठवला होता मी," ताई म्हणाली.

"मग?"

"परत आला. पुसून सेव्ह केलं, ते नव्या पद्धतीनं सेव्ह झालं. त्याचा कोड चाललाच नाही. अक्कल गहाण टाकली होती मी. कॅमेऱ्यातून निघालं तसंच लागतं त्यांना."

"मग जाऊ दे तो कोड."

"जाऊ दे? सलाईनच्या हातानं टाइप करायचा तो, बाबा. विसरलात?"

"आणि त्याचा शब्द? तो तू विसरलीस?"

ताईने मूळ फाइल निवडली. बोट बटणावर ठेवलं. बाबा ओरडले असते तर तिने दाबलंही असतं. ते ओरडले नाहीत.

मागे कपाटाची कडी वाजली. त्या कपाटाची किल्ली भाऊ गेल्यापासून बाबांच्या खिशात होती. तो विषय काढायची कुणाची छाती नव्हती. बाबांनी जुना कॅमेरा टेबलावर आणून ठेवला.

"चालतो का बघ."

"बॅटरी मेली असेल."

"वायर आहे ना? लाव."

लाल दिवा लागला. बाबा त्याच खुर्चीत जाऊन बसले.

"माझं घाल. मला कुणाच्या बापाची लाज नाही. काही बोलू का?"

"नको. नुसते बसा."

ते ताठ बसले. मग काय वाटलं कोण जाणे, कॉलरचं वरचं बटण लावून घेतलं.

अंधार पडायच्या आत उत्तर आलं. चाचणी पास. भाग राहील.

"आता कोण बघणार मला?" बाबांनी विचारलं.

"माणूस बघेल न बघेल. जगात कुठंही कुणी त्या सॉफ्टवेअरमधली एक ओळ बदलली, की मशीन आधी तुम्हाला चालवून बघणार. तुम्ही होतात तसे आलात, तरच तो बदल घेणार."

"दर वेळी?"

"दर वेळी."

बाबा उठले नाहीत. कॅमेरा केव्हाच बंद झाला होता. त्यांनी कॉलरचं बटण पुन्हा एकदा चाचपून पाहिलं.