जांगड आणलेला खेळ

हणमंतरावांनी एकतीस वर्षांत सरकारची एकही बादली डोळे मिटून आत येऊ दिली नव्हती. एका सरकारी खात्याच्या भांडारात ते निरीक्षक होते. बादल्या, कुलपं, सुतळी, कंदील, जे काही खात्याला विकायला येई ते आधी हणमंतरावांच्या टेबलावर येई, आणि चारांतल्या तीन वस्तू तिथूनच माघारी जात. कुलूप ते शंभर वेळा लावून शंभर वेळा उघडत. सुतळीला स्वतः लोंबकळून बघत. एकदा सुतळी पास झाली आणि हणमंतरावांची पाठ नापास झाली, तरी अहवालात त्यांनी सुतळीचं कौतुकच लिहिलं. माणूस सरळ होता, एवढाच त्याचा दोष.

निवृत्त होऊन अंबरपेठेतल्या घरी बसले तरी हात काही स्वस्थ बसेनात. गल्लीत कुणी कुकर घेतला, पंखा घेतला, की हणमंतरावांना बोलावणं येई आणि ते चष्मा पुसत जात. पण मग बाजार उघडला. ज्यांना लोंबकळून बघता येत नाही अशा वस्तू दुकानांत आल्या, आणि प्रत्येकीसोबत गॅरंटीचं एक कार्ड येऊ लागलं. हणमंतरावांनी जन्मभर जे काम केलं ते आता एक चिटोरं करू लागलं. त्यांच्या मुलाने, प्रशांतने, रंगीत टीव्ही आणला तो न विचारता. हणमंतरावांनी टीव्हीच्या पाठीवर टिचकी मारून ‘पोकळ वाटतो’ असं सांगून पाहिलं, पण टीव्हीवर क्रिकेट चालू होतं, कोण ऐकतो. त्यांना वाईट वाटलं. चांगले चार दिवस वाटत राहिलं.

पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात प्रशांतची मुलगी दीपाली हटून बसली. वय वर्षं बारा. तिच्या मैत्रिणीच्या मामाने सिंगापूरहून हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम आणला होता, आणि तसाच एक सुलतान बाजारात मिळत होता. किंमत अठ्ठावीसशे रुपये. प्रशांत बँकेत कारकून होता; त्याच्या निम्म्या पगाराची ती गोष्ट. त्याने नाहीही म्हटलं नाही आणि होही म्हटलं नाही. “आबांना विचार,” तो म्हणाला. “आबांनी पास केला तर घेऊ.”

दीपालीचं तोंड उतरलं. आबा काय करतात ते तिला माहीत होतं. तिचं दप्तर त्यांनी कुणी न विचारता दोनदा नापास केलं होतं. हणमंतरावांना मात्र आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. चार वर्षांनी घरातल्या कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. ते उठले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि नातीला घेऊन रिक्षाने सुलतान बाजारात दत्तोबांच्या दुकानी गेले.

दत्तोबांचं दुकान मूळ साड्यांचं. त्यातल्या अर्ध्या भागात आता कॅल्क्युलेटर, वॉकमन आणि हे खेळ आले होते. पण साड्यांची जुनी रीत दुकानात अजून चालत होती, ती म्हणजे जांगड. ओळखीच्या घरी चार साड्या तशाच द्यायच्या, बायकांनी घरी अंगाला लावून बघायच्या, आवडेल ती ठेवून बाकीच्या घडी न मोडता परत करायच्या. हणमंतरावांनी खेळ खालीवर करून पाहिला आणि म्हणाले, “आठ दिवस जांगड द्या.”

“साहेब, हा माल जांगड देत नाही हो मी,” दत्तोबा म्हणाले. “साडी असती तर घरी पाठवलो असतो. ह्याला घडी कुठे आहे?”

“घडी नाही तर मोडायची भीतीही नाही. माझा शब्द आहे.”

“तुमच्या शब्दाला मी नक्को कसं म्हणू? पण साहेब, बटणं हळू दाबा. बाहेरचा माल आहे, उगं परेशानी नक्को.”

मग त्यांनी जांगडीची चिठ्ठी फाडली आणि दुसरं खोकं हाताशी नव्हतं म्हणून खेळ साडीच्या खोक्यात घालून दिला. इथे घोटाळा झाला. घरी पोहोचताच हणमंतरावांच्या बायकोने, भामाबाईंनी, दत्तोबांच्या दुकानाचं खोकं ओळखलं, पदराला हात पुसले आणि झाकण उघडलं. आत काळं, विटेएवढं यंत्र. भामाबाईंनी झाकण परत लावलं आणि आत गेल्या. त्यानंतर दोन दिवस आमटीला मीठ नव्हतं.

चाचणी सुरू झाली. हणमंतरावांनी खेळ किराणावाल्याकडे नेऊन डाळीच्या तराजूत तोलला. गच्चीवर उन्हात अर्धा तास ठेवला, मग माठाखाली गारव्याला ठेवला. कानाकोपऱ्यात सुपारीने टकटक केलं. शेवटी गादीवर एक हात उंचीवरून टाकला, तेव्हा दीपालीने डोळे मिटून घेतले. खेळ टिकला. आता चालवून बघायचं राहिलं.

“द्या ना आबा, मी चालू करते,” दीपाली म्हणाली.

“चाचणी चालू असताना बाहेरच्याचा हात लागायचा नाही. तू शेजारी बस आणि तोंडाने सांग.”

दीपाली शेजारी बसली. गाल फुगवून बसली, पण बसली, कारण आबांना राग आला तर खेळ गेलाच. खेळ साधा होता. वरून वेडेवाकडे ठोकळे पडत, ते फिरवून खाली फट न ठेवता बसवायचे. आडवी ओळ भरली की ती नाहीशी होई आणि मार्क मिळत.

“ओळ भरली की माल नाहीसा होतो?” हणमंतरावांनी विचारलं.

“हौ आबा.”

“आमच्याकडे असं झालं की चौकशी बसायची. इथे मार्क देतात. ठीक आहे.”

पहिल्या दिवशी ते तिसऱ्या ओळीला मेले. दुसऱ्या दिवशी विसाव्या. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांना काहीतरी उमगलं. गोदामात एकतीस वर्षं खोकी रचून घेतलेला माणूस तो. कोणतं खोकं कुठे बसेल हे त्याला मागाहून नाही, आधीच दिसत असे. ठोकळा वर दिसायच्या आत त्यांचा अंगठा हलू लागला. दीपाली गाल फुगवायचं विसरली. “आबा, लेफ्ट, लेफ्ट! नाही नाही, मस्त बसला.”

मग दुपारची झोप गेली. पेपर घडी न मोडता पडून राहू लागला. किराणावाला दिवसाआड टॉर्चचे म्हणून सेल देऊ लागला. “टॉर्चला इतके सेल कसे लागतात?” भामाबाईंनी विचारलं, “दिवसा तर तुम्ही मला टॉर्चशिवायही दिसता.” पण तेव्हा हणमंतरावांचा लांब ठोकळा पडत होता.

आणि दीपाली रोज शेजारी होती. कूलरसमोर, खांद्याला खांदा लावून. तिला खेळ हवा होता, आबा नव्हे, हे हणमंतरावांना कळत होतं. ते काही दुधखुळे नव्हते. पण शेजारी बसलेलं पोर बोलतंच. तिच्या वर्गात कोण कुणाशी बोलत नाही, तेलुगूचे सर कसे शिंकतात, गणितात कमी मार्क पडले ते तिने घरी अजून का सांगितलं नाही, हे सगळं ठोकळे पडता पडता बाहेर आलं. गेलं वर्षभर ती त्यांच्याशी ‘आबा, जेवायला बोलावलंय’ यापलीकडे बोलली नव्हती. हणमंतरावांना फार बरं वाटत होतं, आणि आपल्याला बरं वाटतंय याचीच भीती वाटत होती, कारण निरीक्षकाला वस्तू आवडून चालत नाही.

सहाव्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरातून प्रशांतचा आवाज आला. तो आपल्या बायकोला, शोभाला, सांगत होता, “अगं, आबांकडे दिलं म्हणजे नापासच. म्हणून तर दिलं. मला नाही म्हणायला नको आणि पोरगी माझ्यावर रुसायला नको.”

हणमंतरावांचा अंगठा थांबला. ठोकळा आडवा पडला आणि सगळी रास वरपर्यंत गेली.

“आबा, मेलात,” दीपाली हळूच म्हणाली. तिनेही ऐकलं होतं.

त्यांना फार लागलं. चार वर्षांनी विचारलं, ते मत हवं म्हणून नव्हे, फाटकाला कुलूप हवं म्हणून. मनात आलं, आत्ताच्या आत्ता पास करून टाकावा आणि मुलाला अठ्ठावीसशेला उभा कापावा. पण रागाने पास करणं म्हणजेही खोटाच शेरा. आणि खरा शेरा लिहायचा तर एक रकाना आडवा येत होता. वजन, बांधणी, टिकाऊपणा हे भरून झालं होतं. ‘उपयोग’ कोरा होता. बादलीने पाणी येतं, कुलपाने चोर थांबतो. ह्याने काय होतं? ज्या वस्तूचा उपयोग लिहिता आला नाही ती हणमंतरावांनी आजवर पास केली नव्हती. नापास केला तर खेळ परवा दत्तोबांकडे जाणार, आणि कूलरसमोरची ती जागा पुन्हा रिकामी होणार.

आठव्या दिवशी चहाच्या वेळी सगळी मंडळी बैठकीत जमली. खात्याची पद्धत अशी की ज्याचं काम अडलं असेल त्याला अहवाल वाचायला द्यायचा. हणमंतरावांनी कागद दीपालीच्या हाती दिला. इंग्रजी शाळेतलं पोर ते, मराठी अक्षरं बोटाने दाबत वाचायचं. प्रशांत आरामात चहा पीत होता.

“वजन, पा-व किलोहून थोडं जास्त,” दीपालीने सुरुवात केली. “बां-धणी, बरी. बटणं, उत्तम. किं-मत, अवा-च्या-सवा.” प्रशांतने मान डोलावली. “उप-योग...” ती थांबली, मग एकेका शब्दावर बोट ठेवत गेली. “नात. रोज. दोन तास. शे-जारी. बसते.”

प्रशांतचा कप बशीवर टेकला. भामाबाईंनी आठ दिवसांत पहिल्यांदा नवऱ्याकडे नीट पाहिलं.

“पुढे वाच,” हणमंतराव जमिनीकडे बघत म्हणाले.

“परं-तु यंत्र नातीच्या ए-कटीच्या हाती दिल्यास ती को-पऱ्यात जाऊन बसेल आणि वरील उपयोग सं-पेल. सबब...” दीपालीने कागद उलटा केला, परत सुलटा केला. “आबा, सबब काय? पुढे काहीच नाही लिहिलं.”

“पुढचं मला सुचलं नाही,” हणमंतराव म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांनी शेरा कोरा सोडल्याची ही पहिली वेळ. दत्तोबांचं साडीचं खोकं, परत करायचं म्हणून पुसलेलं, त्यांनी आधीच मांडीशी आणून ठेवलं होतं.

दीपालीने त्यांच्या खिशातलं पेन काढलं. जिभेचं टोक बाहेर काढून, वाकड्या अक्षरांत तिने ‘सबब’च्या पुढे लिहिलं, आणि स्वतःच वाचून दाखवलं: “पास. एक डाव आबा, एक डाव मी. दुसऱ्याने शेजारी बसायचं.” मग जरा विचार करून तिने खाली अजून एक ओळ घातली. “सुरुवात मी करणार. आठ दिवस थांबले.”

हणमंतरावांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि पुन्हा काढून पुसला. कागद हातात घेऊन त्यांनी सही केली आणि तो प्रशांतपुढे धरला. “मंजुरीची सही तुझी.”

“आबा, तुम्ही चारांतल्या तीन वस्तू नापास करता,” प्रशांत रडवेल्या आवाजात म्हणाला.

“ही चौथी,” हणमंतराव म्हणाले.

“सही कर,” भामाबाई म्हणाल्या. “आणि दत्तोबांकडे पैसे द्यायला मी येणार. येताना चार साड्या जांगड आणायच्या आहेत. त्यांची चाचणी मी एकटी करीन.”

प्रशांतने सही केली. दुसऱ्या दिवशी हणमंतराव भामाबाई आणि दीपालीला घेऊन दुकानी गेले. दत्तोबांनी पैसे घेताना, खेळ नीट चालतो का म्हणून तो लावून पाहिला. पडद्यावर सगळ्यांत मोठा आकडा दिसला तसे ते दीपालीकडे वळले. “पोरगी हुशार आहे साहेब.” आबांची लाज राखायला दीपाली ‘हौ’ म्हणणार होती. पण ज्याने कधी खोटा शेरा लिहिला नाही त्याला ते सोसवेना.

“तो आकडा माझा आहे,” हणमंतरावांनी सांगितलं. “तिचा हात अजून लागलेला नाही. पैसे दिल्यावर लागेल.”

महिन्याभरात प्रशांत बँकेतून लवकर येऊ लागला. कूलरसमोर दोघं खांद्याला खांदा लावून बसलेली असत, तो मागे उभा राहून बघे, चुका काढे, आणि दोघांकडून बोलणी खाई. एका संध्याकाळी त्याने घसा साफ केला.

“आबा, मी एक डाव खेळू का?”

हणमंतरावांनी मान वर केली नाही. दीपालीचा डाव चालला होता, आणि शेजारी बसणाऱ्याने लक्ष द्यायचं असा नियम होता.

“लेखी अर्ज दे,” ते म्हणाले. “आठ दिवसांत कळवतो.”