खोबरीचं बाळंतपण आणि रांगेची शिस्त

दहिसरच्या नदीकडेच्या चाळीत काशीराम परबांची तळमजल्यावरची खोली आहे. तिला दोन दारं. पुढचं ओट्यावर उघडतं, मागचं बोळात. उभं आयुष्य बसमध्ये कंडक्टरकी केलेल्या माणसाला याहून सोयीची खोली कुठे मिळणार? एका दाराने माणसं घ्यावीत, दुसऱ्याने उतरवावीत. निवृत्त झाल्यावर खोली राहिली होती, उतारू तेवढे नव्हते.

ते खोबरीने पुरवले. खोबरी म्हणजे पांढरीशुभ्र सशाची मादी. तिचा नवरा गूळ, रंगानेही तसाच. जोडी काशीरामांच्या बायकोने, प्रेमाकाकूंनी, कुर्ल्याहून हौसेने आणली होती. मुलगा-सून चेंबूरला राहायला गेल्यापासून घरात भाजी उरते, ती कुणीतरी खायला हवी, हे त्यांचं अधिकृत कारण.

खोबरी पहिल्यांदा व्याली तेव्हा बातमी पसरायला मोबाइलची गरज नव्हती, तरी काकूंनी ग्रुपवर टाकलीच. बोटाएवढी गुलाबी पिल्लं, डोळे मिटलेले, अंगावर लव नाही. या चाळीत बाळ बघायला न जाणं म्हणजे उघड भांडण काढणं. सगळी चाळ आली. काशीरामांचे डोळे भरून आले. पिल्लांमुळे, असं लोकांना वाटलं. खरं तर रांगेमुळे.

"पुढे सरका. बघून झालं की मागच्या दाराने उतरा. पिल्लू हातात घ्या, मागच्याला द्या, अडवून धरू नका."

इतकं शिस्तीत झालं की रांगेतल्या शेवटच्या आजींनाही एकेका पिल्लाला काजळाचं बोट लावायला सवड मिळाली. सकाळी पिल्लं थंड पडली होती. खोबरी भेदरून कोपऱ्यात बसली होती, त्यांच्याकडे फिरकलीही नव्हती.

काकूंनी ती सदाफुलीच्या कुंडीत पुरली. त्या दिवशी घरात भाजीच काय, सगळा स्वयंपाक उरला.

दुसऱ्या खेपेला चाळीला पत्ता लागू द्यायचा नाही असं ठरलं. पुढचं दार असं सांभाळलं, आणि चूक मागच्या दाराने आत आली. दिवस भरत आल्यावर खोबरीचे छातीवरचे केस निघायला लागले. पहिली पोरं गेल्याचं दुःख अंगाला लागलं, असं निदान काकूंनी केलं आणि तिला खोबरेल चोळलं. पिंजऱ्यात केसांचा नि गवताचा हा ढीग. बाळंतिणीची जागा कशी लखलखीत हवी. काकूंनी झाडून-पुसून ती तशी केली. रात्रीत पिल्लं त्या लखलखीत पत्र्यावर जन्मली आणि तिथेच गारठली.

काकू मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "परत असा झाला तर ही जोडी कोणाक तरी देऊन टाका. माका आता ती कुंडी उकरूक जमाचा नाय."

काशीराम खोबरीला पिशवीत घालून रिक्षाने बोरिवलीला गेले. जनावरांच्या डॉक्टर ऋता तरुण होत्या, पण ऐकून घेणाऱ्या.

"पहिल्या वेळी पिल्लांना कुणी हात लावला होता का?"

"सगळ्यांनी. पण रांगेत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आणि दुसऱ्या वेळी हिचे केस?"

"गळत होते. मिसेसने तेल लावलं."

"काका, गळत नव्हते. ती उपटत होती. पिल्लं उघडी असतात ना, म्हणून आई स्वतःचे केस काढून त्यांना गादी करते. ती गादी तुम्ही…"

"झाडून काढली," काशीराम म्हणाले.

डॉक्टरांनी मग सगळं नीट समजावलं. बसायला खोका द्या, गवत द्या, केसांना हात लावू नका, दिवस भरले की गुळाला वेगळं ठेवा, आणि गर्दी अजिबात नको.

तिसऱ्या वेळी देवगडच्या हापूसची रिकामी पेटी खोबरीला मिळाली. तिने केस उपटायला घेतले तशा काकू झाडू उचलून शेजारच्या संघमित्राताईंकडे ठेवून आल्या. आपला हात आपल्याच भरवशाचा नाही, म्हणाल्या.

पिल्लं झाली आणि काशीरामांनी दोन्ही दारं लावून घेतली. या चाळीत दार लागतं ते मे महिन्यात गावी जाताना, नाहीतर भांडण झाल्यावर. संघमित्राताई समेट घडवायलाच आल्या. मागे चेतना, पहिल्या मजल्यावरची, मोबाइल तयार ठेवून.

काशीरामांनी फटीतून तोंड काढलं. "गाडी फुल आहे."

"काका, आम्ही उभ्याने येतो ना यार," चेतना म्हणाली.

"नाही."

नोकरीत त्यांनी स्टॉपवर माणूस सोडला नव्हता. दार लावल्यावर त्यांना घोटभर पाणी प्यावं लागलं.

आत वेगळंच संकट. खोबरी पेटीकडे पाठ करून गवत चघळत बसलेली.

"आई आसा की कोण आसा ही?" काकू कासावीस झाल्या. "उचलून घालतंय तिका आत."

"हात लावू नको गो. डॉक्टर म्हणाल्या, पाजायला दिवसात एखाद-दुसरी फेरी. वेळापत्रक तिचं, आपलं नाही."

पेटीतल्या पांढऱ्या केसांचा ढीग स्वस्थ होता. मग किंचित हलला. दिवसातून एकदा, धुतल्या हाताने, पिल्लं उबदार आहेत का बघायची डॉक्टरांची मुभा होती. काशीरामांनी हात धुतले, काकूंना धुवायला लावले, आणि त्यांची बोटं हळूच ढिगात सरकवली.

"गरम आसत," काकू म्हणाल्या. "पोटा पण भरलेली आसत." आणि पदराने नाक पुसायला लागल्या.

बंद दारामागची बातमी चाळीला कळलीच, पण आता पथ्यासकट. चेतनाने ग्रुपवर टाकलं, 'मिक्सर दुपारीच लावा'. चाळीतल्या पोरांच्या बेंजो पार्टीने तालीम नदीपलीकडे नेली. एवढं पोलिसांनाही आजवर जमलं नव्हतं.

पिल्लांना लव आली, डोळे उघडले. एका सकाळी एक पिल्लू पेटीतून उडी मारून बाहेर आलं आणि त्याच्यामागे बाकीची. काशीरामांनी पुढचं दार उघडलं. पिल्लं ओट्यावर आली, कान टवकारले, आणि घरोघर शिरली. चाळ बघून घेतली म्हणा ना. एक संघमित्राताईंच्या उंबऱ्यावर, दुसरं खाली आलेल्या चेतनाच्या चपलेत. माणसं आपापल्या दारात हात पाठीमागे बांधून उभी, शाळेतल्यासारखी.

"काका, हात लावू का आता?" संघमित्राताईंनी विचारलं.

"लावा," काशीराम म्हणाले. "पण रांग नको."

आतून काकूंची हाक आली, की मेथीची आणखी एक जुडी आणा, खोबरीने घरातली संपवली.